गुळगुळीत जॅझची गोष्ट

मामाच्या मारुती ८०० मध्ये एकच 'इंग्रजी' कॅसेट होती. कव्हरवर लांब कुरळ्या केसांचा एक माणूस आणि आत जवळपास शब्दच नाहीत, नुसता सॅक्सोफोन. केनी जी, 'ब्रेथलेस'. एरवी गाडीत किशोरकुमार आणि आशाताई, पण मुंबईहून पुण्याला जाताना घाट लागला की मामा ती कॅसेट लावायचा. गाडी दुसऱ्या गिअरवर कण्हत चढायची, मामी उलटी होऊ नये म्हणून तोंडात आवळासुपारी धरून डोळे मिटून बसायची, आणि तो सॅक्सोफोन एकच सूर लांबवत राहायचा.

मी एकोणीस वर्षांची असताना कॉलेजातल्या एका मित्राच्या हार्ड डिस्कवरून जॉन कोल्ट्रेन, माइल्स डेव्हिस, चार्ली पार्कर असा सगळा ऐवज माझ्याकडे आला. त्यातले जेमतेम सात-आठ अल्बम ऐकून झाले होते, तेवढ्यात पुन्हा एकदा तो घाट आला, ती कॅसेट वाजली, आणि मी मागच्या सीटवरून म्हणाले, "मामा, हा खरा जॅझ नाहीये. ह्याला लिफ्टमधलं संगीत म्हणतात." मामाने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "असं का?" एवढंच म्हणाला, आणि कॅसेट काढून समोरच्या कप्प्यात ठेवली. मी गाडीत असताना ती पुन्हा कधीही वाजली नाही.

ते वाक्य माझं नव्हतं. सात-आठ अल्बम ऐकून कुणाला एवढी पक्की खात्री येत नाही. मी ते तयार उचललं होतं, जसे आपण बहुतेक निकाल उचलतो तसं. ज्या प्रकाराला 'स्मूद जॅझ' म्हणतात त्याच्याबद्दल जगात दोनच मतं सापडतात: एक, हे संगीत म्हणजे जॅझचा अपमान आहे; दोन, हे ऐकलं की बरं वाटतं. पहिलं मत लेख लिहितं, दुसरं मत रेकॉर्डी विकत घेतं. गेले काही महिने मी हे भांडण कुठून सुरू झालं ते शोधत होते. शोधताना असं दिसलं, की ज्या गोष्टीसाठी संगीतकारांना झोडपलं गेलं, ती बऱ्याच अंशी त्यांनी केलेलीच नव्हती.

सुरुवात एका खोलीपासून करू. न्यू जर्सीत एंगलवूड क्लिफ्स नावाच्या गावात रूडी व्हॅन गेल्डर नावाच्या माणसाचा स्टुडिओ होता. उंच लाकडी छताची ही खोली जॅझवाल्यांसाठी देवळासारखी आहे. १९६४ च्या डिसेंबरात कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम' इथेच ध्वनिमुद्रित झाला. आणि १९६७ मध्ये, त्याच खोलीत, त्याच रूडी व्हॅन गेल्डरने गिटारवादक वेस मॉन्टगोमेरीचा 'अ डे इन द लाइफ' मुद्रित केला. बीटल्सची गाणी, मागे व्हायोलिनांचा ताफा, आणि वर वेसची गिटार. जॅझच्या पाक-पुस्तकात पाणी ओतायला इथून सुरुवात झाली, असं पुष्कळ समीक्षकांचं म्हणणं.

ह्या अल्बमचा निर्माता होता क्रीड टेलर. गंमत अशी, की कोल्ट्रेनला 'इम्पल्स' ह्या कंपनीत आणणाराही हाच. ती कंपनी त्यानेच सुरू केली होती. म्हणजे 'खऱ्या' जॅझचा एक मोठा आश्रयदाता आणि 'खोट्या' जॅझचा जनक हा एकच माणूस आहे. टेलरचं गणित सरळ होतं. साठच्या दशकात रॉकने तरुण श्रोते पळवले होते, जॅझ क्लब ओस पडत होते, आणि उत्तम वादक भाडं भरता येत नाही म्हणून दुसऱ्या नोकऱ्या करत होते. वेस मॉन्टगोमेरी स्वतः इंडियानापोलिसमध्ये दिवसा कारखान्यात काम आणि रात्री क्लबमध्ये वादन अशी वर्षं काढलेला माणूस. घरात सात मुलं. तो गिटार पिकऐवजी अंगठ्याने वाजवायचा. रात्री सरावाचा आवाज शेजाऱ्यांना होऊ नये म्हणून ही सवय लागली असं सांगतात. त्या अंगठ्यामुळे त्याच्या सुराला जो मऊ, गोल, लोणकढ्या तुपासारखा नाद आला, तो आजवर कुणाला तसाच्या तसा जमलेला नाही.

समीक्षकांची तक्रार होती, की एवढा मोठा कल्पक वादक आता फक्त चाल वाजवतो, आलाप-विस्तार करतच नाही. तक्रार खोटी नाही. त्याचे १९६० च्या आसपासचे अल्बम ऐकले की त्याची कल्पनाशक्ती कुठवर धावायची ते कळतं, आणि मग बीटल्सच्या चालीवर तो जेव्हा शहाण्या मुलासारखा वाजवतो तेव्हा चुटपुट लागते. पण ज्याला पहिल्यांदा आयुष्यात पोटापुरते पैसे मिळत होते त्याच्याकडे ही तक्रार कोणत्या तोंडाने करायची? जून १९६८ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी हृदयविकाराने तो गेला. यश उपभोगायला त्याला जेमतेम दोन-तीन वर्षं मिळाली.

आता ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअर. हा लेख मुळात मला त्याच्यासाठीच लिहायचा होता.

बफेलो शहरात १९४३ मध्ये जन्म, मग सैन्यात नोकरी, मग फिलाडेल्फिया. तिथे तो रेकॉर्डच्या घाऊक विक्रेत्याकडे काम करायचा आणि जमेल तेव्हा इतरांच्या मागे टेनर सॅक्सोफोन वाजवायचा. १९७१ मध्ये क्रीड टेलरने हँक क्रॉफर्ड ह्या आल्टो सॅक्सोफोनवादकाचा अल्बम करायचं ठरवलं. स्टुडिओ ठरला, वादक ठरले, बँड आला. क्रॉफर्ड आलाच नाही. टेलरने मागच्या रांगेतल्या ग्रोव्हरला पुढे बोलावलं. त्याच्याकडे आल्टो सॅक्सोफोन नव्हता. भाड्याचा आणला गेला. त्या भाड्याच्या वाद्यावर जो अल्बम झाला त्याचं नाव 'इनर सिटी ब्लूज'.

हे नाव मार्व्हिन गेच्या त्याच वर्षीच्या गाण्याचं. अमेरिकन शहरांच्या मधोमध असलेल्या काळ्या वस्त्यांतली गरिबी, कर, व्हिएतनाम, पोलीस, ह्या सगळ्यावरचं संतापलेलं आणि तरीही खालच्या पट्टीत म्हटलेलं गाणं. ज्या प्रकाराला पुढे लोकांनी डेंटिस्टच्या वेटिंग रूमचं संगीत म्हणून हिणवलं, त्याच्या मुळाशी एका गरीब वस्तीचा राग आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ऐकल्यावर कळलं. ग्रोव्हरचा सॅक्सोफोन त्यात किंचाळत नाही. तो आवाज चढवत नाही, म्हणून तो काही बोलत नाही असं आपण समजतो.

त्याचं वादन समजून घ्यायला मला वेळ लागला, कारण माझा कान कोल्ट्रेनवर बसलेला. कोल्ट्रेन एका सुरावर उभा राहून त्याच्या शंभर शक्यता तपासतो. एका श्वासात पन्नास सूर. ग्रोव्हर उलट करतो. खाली बास आणि ड्रम्स यांनी एक ठेका धरलेला असतो, तो पाच-सात मिनिटं हलत नाही. त्यावर हा एक छोटी ओळ म्हणतो, थांबतो, तीच ओळ शेवटचा सूर जरासा ओढून परत म्हणतो, पुन्हा थांबतो. सगळी कला त्या थांबण्यात. १९७५ च्या 'मिस्टर मॅजिक'मध्ये नऊ मिनिटं तो हेच करतो आणि शेवटी शेवटी तुम्ही खुर्चीच्या कडेवर आलेले असता. लावणीतल्या ढोलकीवाल्याला विचारा, एकच ठेका लोक कंटाळणार नाहीत असा धरून ठेवणं किती कठीण ते.

१९८० चा 'वाइनलाइट' त्याचा सगळ्यात गाजलेला अल्बम. त्यात मार्कस मिलरचा बास, स्टीव्ह गॅडचे ड्रम्स, एरिक गेलची गिटार, आणि बिल विदर्सने गायलेलं 'जस्ट द टू ऑफ अस', जे १९८१ मध्ये अमेरिकन पॉपच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. तुम्ही हे गाणं ऐकलं नाही असं वाटत असेल तर पुन्हा विचार करा. त्याची कॉर्ड्सची साखळी आज इतक्या पॉप आणि लो-फाय गाण्यांत फिरते, की शिकवणारे तिला ह्या गाण्याच्याच नावाने ओळखतात.

इथे जरा मागे येऊन हे संगीत ऐकत कोण होतं ते पाहिलं पाहिजे, कारण भांडणाच्या वर्णनांत नेमकं तेच गळतं. १९७६ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाच्या रेडिओ स्टेशनवर मेल्विन लिंडसे नावाचा एक विद्यार्थी रात्रीच्या कार्यक्रमाला उभा राहिला. हॉवर्ड म्हणजे काळ्या अमेरिकेचं मानाचं विद्यापीठ. लिंडसेने रात्रभर संथ, मऊ गाणी लावली. कार्यक्रमाला स्मोकी रॉबिन्सनच्या अल्बमवरून 'क्वाएट स्टॉर्म' असं नाव पडलं, आणि काही वर्षांत देशभरच्या काळ्या स्टेशनांवर रात्री असे कार्यक्रम सुरू झाले. नागरी हक्कांच्या लढ्यानंतर पहिल्यांदाच ऑफिसांत, बँकांत, सरकारी खात्यांत नोकऱ्या मिळालेली पिढी संध्याकाळी घरी येऊन हे ऐकत होती. त्याच वर्षी जॉर्ज बेन्सनचा 'ब्रीझिन' आला. बेन्सन काही ऐरागैरा नव्हता; १९६८ मध्ये माइल्स डेव्हिसच्या अल्बमवर वाजवून बसलेला गिटारवादक. 'ब्रीझिन' पॉप, जॅझ आणि आर अँड बी ह्या तिन्ही याद्यांत पहिला आला. सहांपैकी एकाच गाण्यात तो गायला आणि तेच रेकॉर्ड ऑफ द इयर ठरलं. समीक्षकांनी मान हलवली, की चला, हाही गेला. कामावरून दमून आलेल्या माणसाने दिवाणखान्यात बसून चांगली रेकॉर्ड ऐकावी ह्यात त्यांना पाप का दिसलं, ते मला नीटसं उमगलेलं नाही. दुःखाने पिळवटलेला काळा कलाकार त्यांना चालत होता. आरामात बसलेला काळा श्रोता त्यांना दिसत नव्हता.

आणि ह्या सगळ्या काळात, लक्षात घ्या, 'स्मूद जॅझ' हा शब्दच नव्हता.

तो आला रेडिओतून. १९८७ च्या व्हॅलेंटाइन डेला लॉस एंजेलिसमधलं एक जुनं रॉक स्टेशन बंद होऊन त्या जागी 'द वेव्ह' सुरू झालं. सुरुवातीला निवेदकच नव्हते. गाण्यामागून गाणं, थोडं न्यू एज, थोडा जॅझ, थोडे मऊ आवाजाचे गायक. ते चाललं, आणि इतर शहरांत तशी स्टेशनं निघाली. आता ह्या खिचडीला म्हणायचं काय? त्यासाठी ब्रॉडकास्ट आर्किटेक्चर नावाची सल्लागार कंपनी होती. ती श्रोत्यांना खोलीत बसवून प्रश्न विचारायची. सांगतात ती गोष्ट अशी, की शिकागोत अशाच एका बैठकीत एक बाई म्हणाल्या, हा जॅझच आहे, पण स्मूद जॅझ. सल्लागारांनी शब्द उचलला. त्या बाईंचं नाव कुठे नोंदलेलं नाही. बीबॉप, स्विंग, कूल, हे शब्द वादकांच्या, क्लबांच्या, फार तर पत्रकारांच्या तोंडी घडले. ह्याचं बारसं मात्र बाजारपेठेच्या पाहणीत झालं.

स्मूदचं मराठी शब्दशः 'गुळगुळीत' होईल, पण मला त्याहून 'सुगम' हा शब्द जवळचा वाटतो. आकाशवाणीच्या वर्गवारीत शास्त्रीय, उपशास्त्रीय, सुगम असे कप्पे असतात आणि कलाकाराची ऑडिशनही कप्प्यानुसार होते. आपल्याकडे 'सुगम' म्हटलं की शास्त्रीयवाल्यांच्या चेहऱ्यावर जी एक बारीक, समजूतदार सुरकुती पडते, ती मी घरी पुष्कळ पाहिली आहे. नाव देणारं खातं असलं की गाण्याच्या आधी त्याची पायरी ठरते. फरक इतकाच, की आकाशवाणीने सुगम संगीताला पायरी दिली. अमेरिकन सल्लागारांनी स्मूद जॅझला मोजमापही दिलं.

मोजमाप कसं घ्यायचे ते ऐका. श्रोत्याच्या हातात एक फिरवायचं बटण. समोर गाण्यांचे तुकडे वाजतात, एकामागून एक. आवडलं की बटण वर, खटकलं की खाली. सगळ्या बटणांची सरासरी निघते आणि ज्या गाण्यांचा आलेख खाली जात नाही तीच स्टेशनवर लागतात. आता विचार करा, अशा परीक्षेत काय मरेल? जिथे वादक अनपेक्षित सुरावर जातो, तिथे दहातल्या चार जणांचं बटण खाली येणार. लांब सोलो सुरू झाला की खाली. कर्कश सूर, खाली. म्हणजे जे जे जॅझचं जॅझपण, ते बटण फिरवून फिरवून निघून जाणार. गाणी रेडिओसाठी कापली जाऊ लागली, सोलो छाटले जाऊ लागले, आणि मग वादकही आधीच छाटलेलं वाजवू लागले, कारण स्टेशनवर लागलं नाही तर अल्बम खपत नव्हता. ह्या लेखासाठी मी नव्वदच्या दशकातला तसला माल काही आठवडे नेटाने ऐकला. ड्रम मशीन, त्यावर प्रतिध्वनीत बुडवलेला सॅक्सोफोन, सगळी गाणी एकाच चालीने चालणारी. दोनदा झोप लागली. म्हणजे टीकाकार अगदीच चुकले नव्हते. 'वाइनलाइट' आणि ह्या मालाला एकच नाव दिलं गेलं, ही खरी गडबड.

अशा वेळी शिव्या खायला एक चेहरा लागतो. तो होता केनी जी.

केनेथ गोरेलिक, सिअ‍ॅटलचा. सतराव्या वर्षी बॅरी व्हाइटच्या वाद्यवृंदात वाजवलेला. १९८७ मध्ये 'साँगबर्ड' ही शब्दांविना असलेली धून पॉपच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेली. १९९२ चा 'ब्रेथलेस' एकट्या अमेरिकेत सव्वा कोटीच्या आसपास खपला. आजवर सगळ्यात जास्त खपलेला वाद्यसंगीताचा अल्बम तोच. १९९७ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या एका रेकॉर्डच्या दुकानात उभं राहून एकच सूर ४५ मिनिटं ४७ सेकंद धरला आणि गिनीज बुकात गेला. नाकाने श्वास घेत गालांतली हवा वाद्यात सोडत राहायची, ही युक्ती. सनईवाल्यांना आणि शंख फुंकणाऱ्यांना ह्यात नवल वाटणार नाही, पण ४५ मिनिटं! घाटातला तो न संपणारा सूर आता माझ्या लक्षात आला.

काळ्या वस्त्यांतून आणि काळ्या दिवाणखान्यांतून आलेल्या संगीताचा सगळ्यात प्रसिद्ध चेहरा एक गोरा माणूस झाला, हा आरोप त्याच्यावर आहेच. २०२१ मध्ये पेनी लेन ह्या दिग्दर्शिकेने त्याच्यावर 'लिसनिंग टू केनी जी' हा माहितीपट केला. त्यात ह्या प्रश्नावर तो ज्या निरागसपणे विचारात पडतो, ते पाहून राग यावा की कीव करावी कळत नाही. पण त्यात हेही दिसतं, की हा माणूस रोज तासन्‌तास सराव करतो. आळशी वादक म्हणून त्याची कुचेष्टा करणाऱ्यांना हे गैरसोयीचं आहे.

१९९९ मध्ये त्याने लुई आर्मस्ट्राँगच्या 'व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड' ह्या जुन्या ध्वनिमुद्रणावर स्वतःचा सॅक्सोफोन चढवला. आर्मस्ट्राँग १९७१ मध्येच गेलेला, परवानगी देणार कोण. पुढच्या वर्षी गिटारवादक पॅट मेथेनीने ह्यावर जे लिहिलं ते जॅझच्या इतिहासातलं बहुधा सर्वांत झोंबरं लिखाण आहे. त्याचा मजकूर इथे देण्यासारखा नाही. आशय असा, की केनी जीचे सूर बेसूर आहेत, कल्पना उसन्या आहेत, ते सगळं एक वेळ चालवून घेतलं, पण आर्मस्ट्राँगच्या अंगावर हे सांडणं म्हणजे एका संस्कृतीच्या थडग्यावर थुंकणं आहे. रिचर्ड थॉम्पसन ह्या ब्रिटिश गायकाने मेथेनीच्या बाजूने चक्क एक गाणं लिहिलं.

मेथेनीचं म्हणणं मला पटतं. ते ध्वनिमुद्रण मी ऐकलंय. आर्मस्ट्राँगच्या खरखरीत आवाजाच्या फटींत कुणीतरी सिरप ओतत असल्यासारखं वाटतं. पण दोन गोष्टी मेथेनीच्या रागात मावत नाहीत. एक, त्याच्या स्वतःच्या धुनी ह्याच स्मूद जॅझ स्टेशनांवर आनंदाने वाजत होत्या. दुसरी त्याहून मजेची. 'व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड' हे पवित्र गाणं आहे काय? १९६७ मध्ये ते ध्वनिमुद्रित झालं, म्हणजे वेस मॉन्टगोमेरीच्या बीटल्सच्याच वर्षी. मागे व्हायोलिनं, संथ पॉप चाल, आर्मस्ट्राँगच्या हातातली ट्रम्पेट गप्प. दोन गीतकारांपैकी एक आणि निर्माता होता बॉब थील. 'अ लव्ह सुप्रीम'चा निर्माताही बॉब थीलच. गाणं अमेरिकेत साफ पडलं. ते तिथे गाजलं 'गुड मॉर्निंग, व्हिएतनाम' ह्या सिनेमात वापरल्यावर, आणि सिनेमा १९८७ चा, 'द वेव्ह' सुरू झालं त्या वर्षीचा. म्हणजे ज्या गाण्याच्या शुद्धतेसाठी ही लढाई झाली ते स्वतःच आपल्या काळातलं सुगम संगीत होतं. वीस वर्षं गेली की गुळगुळीत गोष्टीलाही शेंदूर लागतो.

ह्या लढाईचा निकाल मात्र ना मेथेनीने लावला ना केनी जीने. तो एका यंत्राने लावला.

अमेरिकेत रेडिओचे श्रोते मोजण्याचं काम तेव्हा आर्बिट्रॉन कंपनीचं होतं. पूर्वी ती निवडक लोकांना आठवड्याची डायरी द्यायची; आपण काय ऐकलं ते त्यात लिहायचं. ज्यांच्या ऑफिसात दिवसभर स्मूद जॅझ चालू असे ते लिहायचे, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. २००७ पासून डायरीची जागा खिशातल्या पेजरएवढ्या यंत्राने घेतली. स्टेशनच्या प्रक्षेपणात कानाला न जाणवणारा एक संकेत मिसळलेला असतो, यंत्र तो टिपतं. पहिल्या शहरांत एक होतं फिलाडेल्फिया, ग्रोव्हरचं गाव. आकडे आले आणि स्मूद जॅझ स्टेशनांचे श्रोते एका फटक्यात आटलेले दिसले. २००८ मध्ये न्यूयॉर्कचं आणि फिलाडेल्फियाचं स्टेशन गेलं, मे २००९ मध्ये शिकागोचं, जिथे ह्या प्रकाराला नाव मिळालं होतं.

श्रोते खरंच नव्हते का? इथे गोष्ट तिखट होते. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने २००८ मध्ये आर्बिट्रॉनवर खटला भरला, की ह्या यंत्राच्या नमुन्यात काळे आणि हिस्पॅनिक श्रोते पुरेसे घेतलेले नाहीत; पुढच्या वर्षी तो समझोत्याने मिटला, नमुना सुधारायचं कंपनीने कबूल केलं. आणि नंतर काही ध्वनी-अभियंत्यांनी आणखी एक मुद्दा काढला. तो छुपा संकेत संगीताच्या आवाजाखाली लपवावा लागतो. गजबजलेल्या, दणदणीत गाण्यांत त्याला लपायला भरपूर जागा. एकटा सॅक्सोफोन संथपणे वाजत असेल, मध्ये शांतता असेल, तर संकेत क्षीण होतो आणि यंत्राला तो ऐकूच येत नाही. तो मुद्दा पूर्ण खरा मानला तर चित्र असं दिसतं: श्रोता रेडिओपाशी बसलाय, ऐकतोय, आणि खिशातलं यंत्र म्हणतंय की इथे कुणी नाही. ग्रोव्हरची ती थांबण्याची कला, नेमकी तीच नडली.

ग्रोव्हर हे पाहायला नव्हता. १७ डिसेंबर १९९९ ला न्यूयॉर्कमध्ये एका टीव्ही कार्यक्रमासाठी चार गाणी वाजवून तो आतल्या खोलीत आला आणि कोसळला. वय ५६.

स्टेशनं गेली तरी संगीत गेलं नाही, ते दुसऱ्या दारांनी आत आलं. 'इनर सिटी ब्लूज' आणि 'मिस्टर मॅजिक'ची मांडणी करणारा बॉब जेम्स ह्याच्या १९७४ च्या 'नॉटिलस' ह्या धुनेचे तुकडे हिप-हॉपवाल्यांनी इतक्या वेळा वापरलेत, की ते मोजणं हा काही लोकांचा छंद आहे. त्याच्याच दुसऱ्या एका रेकॉर्डमधल्या घंटांवर रन-डीएमसीचं 'पीटर पायपर' उभं आहे. चीनमध्ये केनी जीचं 'गोइंग होम' मॉल, शाळा, स्टेशनं बंद होताना वाजतं आणि लोक मुकाट्याने घरी निघतात. २०१९ मध्ये कान्ये वेस्टने केनी जीला अल्बमवर घेतलं. आणि तुम्ही रात्री अभ्यासाला किंवा कामाला बसताना, हेडफोन लावून वहीत लिहिणाऱ्या त्या कार्टून मुलीच्या चॅनेलवर जे काही लावता, ते जरा कान देऊन ऐका. मऊ इलेक्ट्रिक पियानो, न हलणारा ठेका, कुठेही न चढणारा आवाज. तिथे कुणी 'हा खरा जॅझ नाही' म्हणत नाही, कारण नावात जॅझ नाही. बटणही आहेच, फक्त आता ते पुढच्या गाण्यावर जायचं आहे आणि आपण ते फुकट फिरवतो.

मागच्या महिन्यात मी मामाला 'वाइनलाइट'ची लिंक पाठवली. मामा आता सत्तरीत आहे, मारुती ८०० केव्हाच भंगारात गेली, नवीन गाडीत ब्लूटूथ आहे आणि ते जोडायला त्याला दर वेळी शेजारचा मुलगा लागतो. दोन दिवस काही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी रात्री मेसेज आला: "पूर्ण ऐकलं. मामीलाही आवडलं. हा खरा आहे ना गं?"

मी टाइप करायला घेतलं, खोडलं, आणि फोन लावला.